मिरचीचं बाळंतपण

सरडा कुणी हौसेनं घरात पाळत असेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण 2023 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी महिनाभर धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपा शहरी गेले. उंबऱ्यात पाऊल टाकते तोच बारा वर्षांचा भाचा म्हणाला, "मावशी, आधी मिरचीला भेट!" मला वाटलं, मांजर असेल.

टँपाची हवा थेट आपल्या कोकणासारखी. दमट, घामट, दारोदारी जास्वंदी. घरामागच्या पडवीला डासांसाठी चहूबाजूंनी बारीक जाळी. तिथंच माझ्या छातीइतका उंच पिंजरा. आत काटक्या, मनीप्लांट, कुंडीतली जास्वंद, वर दिवा. आणि फांदीवर हिरवीगार मिरची! जात मूळची यमनची, डोक्यावर उंच टोपीसारखा तुरा. मी एक पाऊल मागंच सरले.

सकाळी सगळे बाहेर पडले की घरात मी आणि मिरची. मग काय, माझी भाजी निवडायची जागा हळूहळू पडवीत गेली. आणि काय सांगू मैत्रिणींनो, तिचे एकेक नखरे! मी जवळ गेले की फांदीच्या पलीकडे सरकायची, अंग चपटं करून फांदीआड लपायची. मी डावीकडे गेले की ती उजवीकडे. एक डोळा माझ्यावर, दुसरा जास्वंदीवरच्या माशीवर. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात ना! चालताना वाऱ्यावरच्या पानासारखी डुलायची. वाटीतलं पाणी तिला पाणी वाटतच नसे, पानांवर फवारा मारला की ओघळणारे थेंब मात्र चाटून प्यायची. जीभ म्हणाल तर अंगापेक्षा लांब! नाकतोड्यांचा डबा मात्र ती बरोब्बर ओळखायची. डबा वाजला की हळूहळू दारापाशी हजर.

रंगाचंही माझं अज्ञान गेलं. ती पानासारखी दिसावी म्हणून रंग बदलत नाही, बरं का. सकाळी गारठलेली असली की ऊब घ्यायला काळपट व्हायची, झोपली की फिकी पडायची, आणि राग आला की अंगावर पट्टे.

दोन आठवडे असे गेले. मग एके दिवशी मिरचीनं खाणं सोडलं. रंग गडद झाला, त्यावर पिवळे-निळे ठिपके. एरवी कधी खाली न उतरणारी ती पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालू लागली, कोपरे ओरबाडू लागली. भाच्याला वाटलं, आजारी पडली. रात्री उशीत तोंड खुपसून रडला. बहीण म्हणाली, "ताई, गरम होत असेल तिला." पण तिचं फुगलेलं पोट आणि जागा शोधणं पाहून मी म्हटलं, "अगं, ही अवघडलीय!"

"नर कुठाय इथं, मावशी?" भाचा म्हणाला.

"कोंबडी नाही का कोंबड्यावाचून अंडी घालत?"

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पिंजऱ्यात रेती आहे का?" नव्हती! उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते, हे ऐकून आमचे चेहरे उतरले. भाऊजी तसेच गाडी काढून मुलांच्या खेळण्याची रेती घेऊन आले. टबात फूटभर ओली रेती भरून आत ठेवली. कुणी पाहत असलं तर ती खणायचं सोडून देते, म्हणून मी पिंजऱ्याला जुनी चादर लावली. बाळंतिणीच्या खोलीला आपण पडदा लावतो, तसाच. आत डोकवायचं नाही, अशी भाच्याला ताकीद दिली.

पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चादरीच्या फटीतून पाहिलं तर रेतीतून फक्त शेपटी बाहेर! तिसऱ्या दिवशी सकाळी रेती सारखी करून बाई फांदीवर. अंग मातकट, पोट खपाटीला. फवारा मारला तर किती वेळ पाणी पीत होती! रेतीत अडतीस पांढरी अंडी निघाली. त्यातून पिल्लं निघणार नव्हती, पण मिरची वाचली. मादीला फार खाऊ घातलं की अंडी जास्त होतात, म्हणून पुढं तिचं खाणं बेतानं ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. रेतीचा टब आता कायम असतो.

निघताना भाचा म्हणाला, "मावशी, तूही तिकडं एक पाळ." मी म्हटलं, "नको रे बाबा. आमच्या रानात घोयरा असतो, तो असाच डुलत चालतो. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला घरात कोंडायला बंदी आहे."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या पावसानंतर रस्त्यात एक घोयरा दिसला, आणि हातात दगड घेतलेली माझ्याच वर्गातली तीन मुलं. "बाई, विषारी आहे तो!"

"मुळीच नाही. दगड टाका खाली," मी म्हटलं.

तो पलीकडच्या कुंपणात शिरेपर्यंत आम्ही चौघं रस्त्यात उभे होतो. त्याला चांगली दहा मिनिटं लागली. त्या दिवशी माझा तास उशिरा सुरू झाला.