पुतळीच्या पाठीवरची झाळ

१/८
सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची यादी आहे. तीत मोहरा आणि होनांच्या सोबतीने ‘पुतळ्या’ येतात. ही पुतळी मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे सोन्याचे नाणे, डुकाट. #थ्रेड

२/८
हे नाणे प्रथम १२८४ मध्ये पाडले गेले. वजन सुमारे ३.५ ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये प्रजासत्ताक लयाला जाईपर्यंत त्याचा कस टिकला. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ते हिंदुस्थानात आले आणि येथील सोनारांनी ते हारात ओवले.

३/८
अशा नाण्याची स्थिती कशी पारखावी? सोने गंजत नाही, पण ते मऊ असते. म्हणून झीज प्रथम उंचवट्यांवर दिसते: संत मार्कचा चेहरा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेल्या डोजचा गुडघा, ध्वजाचा दंड.

४/८
मात्र प्रत्येक पुसट जागा म्हणजे झीज नव्हे. ही नाणी हातोड्याने ठोकलेली; घाव हलका पडला, तर चित्र जन्मतःच अपुरे उमटते. झिजलेला भाग गुळगुळीत असतो. अपुऱ्या ठशाच्या जागी मूळ चकतीचा खडबडीतपणा उरतो.

५/८
नंतर कड पाहावी. कातरून सोने काढले असेल, तर काठाजवळची अक्षरे अर्धवट होतात आणि वजन घटते. अक्षरे निरर्थक रेघांसारखी असतील, तर नाणे बहुधा पूर्वेकडे घडलेली नक्कल. तीही इतिहासाचाच भाग.

६/८
आणि झाळ. कडी बसवल्याची खूण दिसताच संग्राहक नाण्याची प्रत उतरवतो. बाजाराच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्याच खुणेमुळे कळते, की परदेशी चलन येथे स्त्रीधन झाले होते.

७/८
सर्वांत मोठी हानी काळ करत नाही, हौस करते. विकण्यापूर्वी नाणे चकाकावे म्हणून ब्रश फिरवला जातो. मग पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे उठतात, मूळ तेज जाते. कडी उपटून झाळ घासली, तर दागिन्याचा पुरावाही जातो आणि नाणेही पूर्ववत होत नाही.

८/८
घरच्या जुन्या हारात अशी पुतळी आढळली, तर ती घासू नये, वितळवू नये. कडेने धरावी, वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. आणि हार कोणाचा होता, हे आजीला आजच विचारावे. नाण्यावर न कोरलेला तेवढाच मजकूर उरला आहे.