हसू आणि हसे

मराठीत 'हसू' आणि 'हसे' हे दोन शब्द अगदी शेजारी राहतात. हसू येते, हसे होते. अंध माणसाच्या वाट्याला मात्र आपल्या बोलीतून दुसराच शब्द आला. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण कोणाला ठाऊक नाही? घरात दखनी बोलणाऱ्यांकडे 'अंधे के हाथ बटेर' आहेच. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडात या दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, आणि आंधळ्याच्या बाबतीत दोघींचे एकमत आहे. या म्हणी डोळसांनी केल्या. अंध माणसाने चारचौघांत केलेला विनोद आम्ही फारसा ऐकला नव्हता.

म्हणूनच मुंबईच्या निधी गोयल यांच्याविषयी आम्हाला कुतूहल वाटले. लहानपणी त्यांना चित्रकार व्हायचे होते, माणसांचे चेहरे रंगवायचे होते. पंधराव्या वर्षी कळले की डोळ्यांचा आजार वाढत जाणार आणि त्यावर इलाज नाही. नजर गेली. पुढे त्या अपंग स्त्रियांच्या हक्कांच्या कामात आल्या आणि २०१५च्या सुमारास हातात माइक घेऊन मंचावर उभ्या राहिल्या. एकट्याने उभे राहून लोकांना हसवण्याच्या या प्रकाराला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. अपंग स्त्रीने तो करणे आपल्या देशात तेव्हा नवलाचे होते. त्यांचे विषय रोजचेच: लग्न, प्रेम, न विचारता केलेली मदत, येता-जाता मिळणारी दया. त्यात हसे होते ते पाहणाऱ्यांच्या समजुतींचे.

२०१७ साली त्यांनी मुंबईत 'रायझिंग फ्लेम' ही संस्था काढली. कोविडच्या टाळेबंदीत अपंग स्त्रियांचे काय हाल झाले, याचा अभ्यास या संस्थेने 'साइटसेव्हर्स'बरोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हसवणारी बाई आणि हक्क मागणारी बाई एकच आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. रडून सांगितले की लोक खिशात हात घालतात. हसत सांगितले की बरोबरीने ऐकावे लागते.

आमची एक खाला जन्मांध होती. शेवया करायला बायका जमल्या की तिची जीभ सुटे. नवी सून जवळून गेली की नुसत्या आवाजावरून म्हणे, ''बांगड्या खोट्या दिल्या गं तुला!'' आणि साऱ्या जणी पोट धरून हसत. पण घरात लग्न निघाले की तिला मागच्या खोलीत बसवत. पाहुण्यांसमोर कशाला? तिच्यासाठी कधी पैगाम आला नाही, शाळेचे तर नावच नको. मुलगा अंध असता तर हिफ्जला बसवला असता, लोकांनी त्याला अदबीने 'हाफिजजी' म्हटले असते. तो रिवाज चांगलाच आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी मदिनेत अजान देत, हे आपण अभिमानाने सांगतो. अंध मुलीसाठी मात्र आपल्याकडे 'सब्र' एवढाच शब्द उरतो.

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग मोजले गेले, त्यांत १.१८ कोटी स्त्रिया होत्या. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के झाले. २०१३च्या दुरुस्तीने अत्याचार झालेल्या अपंग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी येऊन, गरज असेल तर दुभाष्याच्या मदतीने नोंदवण्याची सोय केली. कागदावर पुष्कळ आहे. पण जिचे नाव घराबाहेर कोणी घेत नाही, तिच्यापर्यंत ते पोचवणार कोण? एसटीची सवलत मिळाली, तरी जायचे कुठे?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटाच्या निमित्ताने विनोदाचे दोन प्रकार सांगितले: एक अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा, दुसरा अपंगांना हिणवणारा. हसू आणि हसे यांतला फरकच न्यायालयाने निकालपत्रात लिहून ठेवला. आमच्या खालाला तो न शिकताच कळत होता. ती आता हयात नाही. पण तिच्यासारख्या मुली आजही आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांचे प्रमाणपत्र काढा, त्यांना शाळेत घाला. आणि घरात पाहुणे आले की त्यांना पुढच्या खोलीत बसवा. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले काही ऐकून आपल्याला आपलेच हसू येईल.