पोते उघडून पाहणारा

ज्या कामाचे नाव चारचौघांत एका दमात सांगता येत नाही, ते काम करणाऱ्या मुलाची लग्नाच्या बाजारात फार पंचाईत होते. आमच्या पुतण्याचे नेमके हेच झाले आहे. "मुलगा पुण्याला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो," इथपर्यंत आम्ही ठणठणीत आवाजात सांगतो. पण "तिथे करतो काय?" असा पुढचा प्रश्न आला, की माझे थोरले बंधू माझ्या तोंडाकडे पाहू लागतात. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तेव्हा कुठल्याही गोष्टीला शब्द पुरवणे हे माझे कर्तव्यच, अशी घरात समजूत आहे.

नोकरीचे मी कसेबसे निभावून नेतो. जनुकांच्या लांबच लांब अक्षरमाळा संगणकावर वाचण्याचे शास्त्र, असे सांगितले की समोरचा गृहस्थ मान डोलावतो. खरी अडचण पुढेच असते. हा मुलगा रात्री जेवणे झाल्यावर, सुटीच्या दिवशी आणि वहिनींच्या शब्दांत सांगायचे तर 'ऐन सणासुदीला' दुसरेच एक काम करीत बसतो, आणि त्याचा त्याला एक पैसाही मिळत नाही. या शास्त्राला लागणारे प्रोग्राम जगभरचे लोक लिहितात आणि ते कुणीही फुकट घ्यावेत, उघडून पाहावेत, बदलावेत म्हणून मोकळे सोडतात. ते दुसऱ्याच्या संगणकावर सुखरूप पोचावेत म्हणून त्यांची गाठोडी बांधली जातात. आणि गाठोडे कसे बांधायचे याच्या सूचनांत कुणी बदल सुचवला, तर तो बदल आमचा पुतण्या तपासतो. आता हे सारे मुलीच्या मामाला उभ्या उभ्या कसे सांगणार?

मागल्या दिवाळीत तो चार दिवस सोनाळ्याला आला होता. सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे गाव. सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे बुलढाणा जिल्ह्यात त्याचे नाव सर्वांना ठाऊक. नोकरीपायी मी बाहेर राहतो, पण दिवाळी गावीच. स्वारी ओसरीवर बाज टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. माझ्या आईने दोन दिवस त्याला नुसते न्याहाळले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "काय निवडून रायला रे बापू दिवसभर?"

आईच्या त्या 'निवडून'ने माझे काम फार सोपे केले. कारण पडद्यावर डोकावून पाहिले तो खरोखरच निवडणे चालले होते. जुन्या मजकुरातून काढलेली ओळ लाल, नव्याने घातलेली हिरवी. प्रत्येक हिरव्या ओळीपाशी तो थांबे, सुपातला दाणा बोटाने बाजूला सारून पाहावा तसा तिला पाही, आणि मगच पुढे सरके.

'बायोकोंडा' नावाच्या एका सार्वजनिक साठ्याचे हे काम. नाव ऐकून आईला दळणातला कोंडा आठवला. मूळ शब्द मात्र ॲनाकोंडा या अजगरावरून आलेला. २०१८ साली 'नेचर मेथड्स' या नियतकालिकात या साठ्याविषयी लेख आला, तेव्हाच त्यात तीन हजारांवर गाठोडी होती. त्याच्याही आधीपासून, २००२ पासून, 'डेबियन मेड' नावाचा दुसरा मेळा वैद्यक आणि जीवशास्त्राच्या प्रोग्रामांसाठी असेच काम करीत आला आहे. मला मौज वाटली ती अशी, की बायोकोंडातले लोक गाठोड्याच्या सूचनांना 'रेसिपी' म्हणतात, म्हणजे चक्क पाककृती. एका कागदावर साहित्य लिहिलेले: प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, मूळ कुठून आणायचे, सोबत काय काय लागते, परवाना कोणता. त्याखाली चौसष्ट अक्षरांची एक खूण. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला, तरी ती खूण पार बदलते. म्हणजे मध्येच कुणी हात मारला असेल तर तिथल्या तिथे उघडकीस यावे. दुसऱ्या कागदावर प्रत्यक्ष कृती, तिचे नाव बिल्ड स्क्रिप्ट. आणि शेवटी चव: तयार झालेला प्रोग्राम चालवून पाहायचा, निदान तो स्वतःची आवृत्ती तरी धड सांगतो ना, एवढे बघायचे.

त्या दिवशी पुतण्याचे बोट एका हिरव्या ओळीवर बराच वेळ अडले होते. 'मार्च नेटिव्ह' असे काहीसे त्यात होते. मी म्हणालो, "अरे, दिवाळीत मार्च कुठून आला?"

"काका, तो महिना नव्हे. मार्च म्हणजे मशीन आर्किटेक्चर, संगणकाची जात. ज्या संगणकावर बांधणी चालली आहे, त्याच्या अंगात जेवढं बळ असेल तेवढं सगळं वापर, असा हा हुकूम आहे."

"मग चांगलेच की!"

"त्याच्यापुरतं चांगलं. पण गाठोडं जातं जगभर. कुणाकडे दहा वर्षांचा जुना संगणक असेल, तर त्याच्यावर तो प्रोग्राम सुरू होता होताच कोसळेल."

शिंप्याने गिऱ्हाइकाचे कपडे स्वतःच्या मापाने बेतावेत, तसाच हा प्रकार. आणि गंमत अशी, की संगणकाने आपोआप घेतलेल्या साऱ्या परीक्षा त्या बदलाने पार केल्या होत्या. करणारच, जिथे शिवला तिथेच तो सदरा घालून पाहिलेला! बदल सुचवणारा कुणी परदेशी विद्यार्थी होता. त्याला निबंध सादर करण्याची घाई. सगळ्या परीक्षा पास असताना अडवता का, असे त्याने कळवलेले. पुतण्याने शांतपणे चार ओळी लिहिल्या: हा हुकूम काढा, कारण हे, बाकी काम उत्तम आहे. वीस वर्षे उत्तरपत्रिकांवर शेरे लिहीत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या चार ओळींतले सौजन्य शिकण्यासारखे वाटले.

पण एवढ्याने थोरल्या बंधूंचे समाधान होण्यासारखे नव्हते. ते शेतकरी माणूस. "किती भेटते याचं?" हा त्यांचा प्रश्न. काही भेटत नाही म्हटल्यावर ते गप्प झाले, आणि त्यांचे गप्प होणे हे बोलण्याहून जड असते. तेव्हा पुतण्याने अंगणापलीकडच्या तुरीकडे बोट दाखवले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने २०११ साली तुरीचा जनुकसंच उलगडला गेला. वाण होता 'आशा'. अक्षरे सुमारे त्र्याऐंशी कोटी, त्यांतून हाती लागलेले जनुक अठ्ठेचाळीस हजारांवर. एवढ्या अक्षरांतून मर रोगाला तोंड देणारा जनुक डोळ्यांनी कोण शोधणार? ते प्रोग्रामच शोधतात. गाठोडे वाईट बांधलेले असेल आणि प्रोग्राम कोसळला, तर निदान कळते तरी. तो न कोसळता चुकीचे उत्तर देऊ लागला, तर वाण निवडणाऱ्याला ते कसे कळावे?

बंधू ऐकत होते. पण त्यांना पटले ते पुढच्या हकिकतीने. २०२४ सालच्या मार्चमध्ये (हा मात्र खरा महिना) 'एक्सझेड' नावाच्या, मजकूर दाबून लहान करणाऱ्या एका साध्या साधनात चोरदरवाजा सापडला. 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ खपून, सज्जनपणे मदत करून, त्या साधनाच्या एकट्या आणि थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. विष चाचणीच्या फायलींत दडवलेले. आणि ते बाहेर काढून मिसळणारी ओळ बांधणीच्या सूचनांत. तीही सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात नव्हती, वाटण्यासाठी तयार केलेल्या गाठोड्यात तेवढी घातलेली. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्चला सारा प्रकार जगापुढे ठेवला. तो चोरदरवाजा तसाच राहिला असता, तर असंख्य संगणकांच्या किल्ल्या एका अनोळखी माणसाच्या खिशात गेल्या असत्या.

मला पैठण आठवले. ज्ञानेश्वरीच्या नकला करताकरता तीत अपपाठ शिरले होते, कुणी हौसेने आपल्याही ओव्या घातल्या होत्या. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. पण नाथांनी निवडले ते एकदा. आमच्या या मंडळींना रोज निवडावे लागते, कारण त्यांच्या ग्रंथात बदल करण्याची कुणालाच मनाई नाही, मनाई आहे ती न पाहता तो स्वीकारण्याला. मला आपले वाटते, हे व्रत अधिक कठीण आहे.

बंधूंना मात्र पैठण आठवले नाही. त्यांना आठवले २०२० सालचे सोयाबीन. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, तसे ते आमच्याही शेतात उगवले नव्हते. पिशवी बंद, शिलाई शाबूत, वर लेबल. आणि आत मेलेले दाणे. दुबार पेरणीचे कर्ज फेडायला पुढे दोन वर्षे गेली. तेव्हापासून बंधू कुठलेही बियाणे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून, सत्तरांवर कोंब आलेले पाहिल्याशिवाय पेरीत नाहीत.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "लोकं लेबल पाह्यतेत अन् हा पोतं उघडून पाह्यते."

इतक्या वर्षांत मला न सापडलेली व्याख्या त्यांनी एका वाक्यात करून टाकली. मी ती त्याच क्षणी पाठ केली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी त्या विद्यार्थ्याने तो हुकूम काढून बदल पुन्हा पाठवला. पुतण्याने तो पहिल्यापासून पाहिला आणि मान्य केला. आभाराची एक ओळ आली, न आली. तो पुढच्या गाठोड्याकडे वळला. फराळाच्या ताटावर बंधूंनी त्याला सहज विचारले, "तू पाह्यतं, मंग तू थकला तं कोन पाह्यते?"

पुतण्या क्षणभर थांबला. "आहेत अजून काही जण. पण काम वाढतं आहे, आणि माणसं थोडी."

"तं अजून दोघाचौघांले शिकव," बंधू म्हणाले. सातपुड्यातून रात्री रानडुकरे उतरतात, आणि हातातोंडाशी आलेले पीक राखायला आमच्याकडे जागलीवर जावे लागते. त्यांनी शेव तोंडात टाकली आणि पुढे म्हणाले, "जागलीले एकट्या मानसाले धाडत नाही आपन. त्याले झोप लागतेच."