बोळिंजहून वैतरणेच्या मुखाशी: गाडीतून वन्यजीवदर्शन

विरार स्थानकाच्या पश्चिमेस, आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोळिंज आज म्हाडाच्या उंच इमारतींमुळे ओळखले जाते. परंतु वैतरणा नदीची खाडी, तिवरांची झाडी आणि समुद्रकिनारा तेथून जवळ असल्याने कॅराव्हॅनने, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या वाहनाने, हिंडणाऱ्यांना तळ म्हणून हे गाव सोयीचे पडते. राज्य शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, पण आगाशीच्या केळीच्या वाड्यांमधून वळणाऱ्या अरुंद रस्त्यांपर्यंत ते अजून पोहोचलेले नाही. म्हणून मुक्कामाचे वाहन बोळिंजलाच उभे ठेवून, पौष शुद्ध द्वादशीच्या पहाटे प्रवासी लहान गाडीने निघाले.

स्वतः गाडी चालवत वन्यजीव पाहण्याची रीत दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात चांगली रुजली आहे. तेथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरची वेगमर्यादा पाळावी लागते, नेमलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही आणि फाटके ठरल्या वेळी बंद होतात. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात अशी मुभा नाही. नोंदणीकृत वाहन आणि मार्गदर्शक यांच्याशिवाय आत जाता येत नाही, आणि वाघामागे धावणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहता हे बंधन योग्यच म्हणावे लागते. खाडीकाठी मात्र फाटकाऐवजी भरती-ओहोटीचे वेळापत्रक चालते. मुंबईलगतच्या किनाऱ्यावर तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते, असा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला सहा आणि द्वादशीला नऊ वाजता पाणी पूर्ण चढते. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात, तर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते ते उधाण. द्वादशीला उधाण चढू लागलेले असते आणि सूर्योदयानंतर सुमारे दोन तास पाणी वाढतच राहते, त्यामुळे पक्षी पाहण्यास ही तिथी सोयीची ठरते.

वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा किल्ल्याचे बेट आहे. त्याच्या समोरच्या किनाऱ्यालगत गाडी थांबवून इंजिन बंद केले, काचा अर्ध्या उतरवल्या आणि कोणीही दार उघडले नाही, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत पक्ष्यांनी गाडीची दखल घेणे सोडले. उभ्या माणसाची आकृती पक्षी लांबूनच ओळखतात आणि उडतात. थांबलेल्या गाडीची त्यांना तेवढी भीती वाटत नाही, म्हणून गाडी हेच चांगले लपण ठरते. ओहोटीच्या वेळी चिखलावर दूरवर पांगलेले चिखल्या आणि तुतवार हे हिवाळी पाहुणे पाणी चढू लागताच उरलेल्या पट्टीकडे सरकत आले, त्यांच्या मागे उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे उभे राहिले, आणि वर कुरव व सुरय घिरट्या घालू लागले. या पाहुण्यांपैकी अनेक मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येतात आणि परतीच्या उड्डाणासाठी लागणारी चरबी ते याच चिखलातील किड्या-शिंपल्यांवर साठवतात; त्यांना वारंवार उठवले, तर साठवलेली शक्ती उगाच खर्ची पडते. सुटीच्या दिवशी वाळूवर गाड्या पळवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी गाडी भरतीत रुतेपर्यंत ते ऐकून घेतले जाईल, असे वाटत नाही.

दुपारी प्रवास उत्तरेकडे वळला. चिखलडोंगरीवरून मारंबळपाड्याच्या जेट्टीपर्यंत रस्ता जातो आणि तेथून 2025 साली सुरू झालेली रो-रो सेवा, म्हणजे गाड्या थेट चढवून पलीकडे नेणारी बोट, वैतरणा ओलांडून सफाळ्याकडील जलसारला पोहोचवते. द्वादशीला दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी पूर्ण होत असल्याने दोन्ही काठ उघडे पडले होते. तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. त्यांच्यामधून पाण्याबाहेरही वावरू शकणारा निवट्या मासा उड्या मारत होता, आणि समुद्रबगळा त्याच्यावर टपून होता. बोटीवरून हे सारे पाण्याच्या बाजूने दिसते, आणि अर्नाळ्याच्या रस्त्यावरून न उमगणारी गोष्ट येथे कळते: या किनाऱ्याचा जीव चिखलात आहे. मुंबई महानगर परिसराच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हाही राहतो. तो बहुधा अंधार पडल्यावर बाहेर पडतो, त्यामुळे या दिवशी दिसला नाही.

विरारच्या पूर्वेकडील डोंगरांत तुंगारेश्वर अभयारण्य आहे. त्याला 2003 साली हा दर्जा मिळाला असून ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांच्यामधील दुवा मानले जाते. बिबट्या हा या डोंगरांचा रहिवासी. 2024 च्या मार्चमध्ये तर एक बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात आढळला आणि एप्रिलमध्ये वनविभागाने त्याला पिंजऱ्यात पकडले. तरीही बिबट्याच्या आशेने तुंगारेश्वरात गाडी घालण्यात अर्थ नाही. ते जंगल नियम पाळून पायी पाहण्याचे आहे. गाडीतून पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधील द्वादशी किंवा त्रयोदशी निवडावी, पहाटे अर्नाळा आणि ओहोटीला मारंबळपाडा असा क्रम ठेवावा, आणि चाके डांबरावरून खाली उतरवू नयेत.