नऊ फेऱ्यांचा हिशेब

श्रावकाने कोणते व्यवसाय टाळावेत हे सांगणारी पंधरा कर्मादानांची यादी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. तिच्यात ‘शकटकर्म’ हे एक नाव आहे. गाड्या आणि गाड्यांचे अवयव घडवणे, विकणे असा त्याचा अर्थ. नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला हा शब्द सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. माझे आजोबा म्हणत, ‘धंदा सुटत नसेल तर त्यातली यतना तरी वाढवावी.’ ही यतना गल्ल्यावर बसून कशी पाळायची, याचा विचार मला गेल्या वर्षी एका जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या सोळा स्टडांनी करायला लावला.

बिबवेवाडीतील एका परिचित कुटुंबाकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे. ही इंग्रजी गाडी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत तयार होत होती. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने १९६१ पासून जी हेराल्ड बनवली, तिचीच चासी आखूड करून ही दोन आसनी गाडी उभी राहिली. दोन्हींचे रेखाटन जिओव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराचे. या नात्यामुळे स्पिटफायरचे काही भाग जुन्या हेराल्डच्या सामानातही मिळून जातात. त्या घरातील मुलाने गाडीला अ‍ॅलॉयची चाके घेतली होती. तो दुकानात आला आणि म्हणाला, “काका, जय जिनेंद्र. चाकांचे लांब स्टड द्या. जितके लांब मिळतील तितके.”

मागणी समजण्यासारखी होती. मूळ पोलादी चाकाची पाटी पातळ असते, अ‍ॅलॉयच्या चाकाची बैठक जाड. जुना स्टड तेवढाच राहिला, तर नटाच्या वाट्याला फार थोडे आटे उरतात. या गाडीचे स्टड ३/८ इंच जाडीचे, एका इंचात २४ आटे असलेले. नटाने स्टडवर किमान स्टडच्या जाडीइतकी पकड घ्यावी, असा कारागिरांचा जुना नियम आहे. ३/८ इंचाला २४ ने गुणले की नऊ येतात. म्हणजे नट हाताने लावल्यापासून घट्ट होईपर्यंत किमान नऊ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. आम्ही गाडीपाशी जाऊन मोजले. पोलादी चाकावर अकरा फेरे बसत होते. अ‍ॅलॉयच्या चाकाची बैठक आठ मिलिमीटर अधिक जाड होती. एक आटा साधारण एक मिलिमीटरचा, त्यामुळे जेमतेम साडेतीन फेरे उरले.

मग सर्वांत लांब स्टड का घेऊ नये? ते तीन कारणांनी अडचणीचे ठरते. मुलाने आणलेले नट टोपीसारखे बंद होते. स्टड प्रमाणाबाहेर लांब असेल, तर त्याचे टोक नटाच्या तळाला आधीच टेकते. पाना हाताला ‘घट्ट झाले’ असे सांगतो आणि चाक मात्र मोकळेच राहते. दुसरे असे की, काही लांब स्टडांच्या मुळाशी बिनआट्यांचा भाग अधिक असतो. नट तिथे पोचून अडतो आणि तीच फसवी घट्टता निर्माण होते. तिसरी गोष्ट दातेरी मानेची. स्टड हबच्या छिद्रात मागून दाबून बसवतात आणि त्याची दातेरी मान तिथे घट्ट रुतते. ही मान छिद्रापेक्षा बारीक असेल तर नट आवळताना स्टडच फिरू लागतो, जाड असेल तर हबला तडा जाण्याची भीती. म्हणून लांबीच्या आधी मानेचे माप घ्यावे लागते.

आमच्याकडे दोन पर्याय आले. एक पंचवीस मिलिमीटर अधिक लांब, स्वस्त, हातोहात मिळणारा. पण त्याच्या डोक्यावर दर्जाची कोणतीही खूण नव्हती. दुसरा दहा मिलिमीटर अधिक लांब, तिप्पट किमतीचा, मागवून घ्यावा लागणारा, आणि त्यावर १०.९ अशी खूण. या खुणेतील पहिला आकडा सांगतो की, धातू प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान १००० न्यूटन ओढ सोसतो. दुसरा सांगतो की, त्या ओढीच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. स्टड हा खरे तर एक ताठ स्प्रिंग असतो. तो ताणला जातो, चाकाला हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबाच्या घर्षणावर गाडीचा भार पेलला जातो. दाब सैल पडला की प्रत्येक फेऱ्याला स्टड किंचित वाकतो. असे हजारो वेळा वाकून तो एक दिवस पूर्वसूचनेशिवाय तुटतो.

मुलाला रविवारी गाडी घेऊन महाबळेश्वरला जायचे होते. माझा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “पप्पा, आपण दिले नाहीत तर तो पुढच्या दुकानातून घेईल.” ही गोष्ट खरी होती, आणि व्यापाऱ्याच्या घरात तिचे वजन कमी नसते. मी त्याला अस्तेय अणुव्रताचे पाच अतिचार आठवायला सांगितले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आले आहेत, आणि चोरीचा माल घेणे व खोटी मापे वापरणे यांच्याच रांगेत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा शब्द आहे. अस्सल वस्तूसारखी दिसणारी हलकी वस्तू अस्सल म्हणून देणे, असा त्याचा आशय. खुणेशिवायचा स्टड दिसायला अगदी खुणेच्या स्टडसारखाच असतो. खांबाटकी घाटात निखळलेले चाक मात्र मालकापुरते थांबत नाही. ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, या सौद्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाकडे धावते. आपल्या शास्त्रात हिंसेचा विचार प्रमादापासून सुरू होतो, तो यासाठीच.

मी मुलाला स्वस्त स्टड दिले नाहीत. रविवारी जुन्या पोलादी चाकांवरच जावे, असे सुचवले. तो थोडा नाराज झाला, पण गेला पोलादी चाकांवरच. आम्ही सोळाऐवजी सतरा स्टड मागवले आणि सतरावा भोसरीच्या एका प्रयोगशाळेत ओढून तोडायला दिला. ३/८ इंची, १०.९ दर्जाच्या स्टडने साडेपाच टनांहून अधिक ओढ सोसायला हवी, तेवढी त्याने सोसली. सोबत दिलेला खुणेशिवायचा नमुना त्याच्या पुष्कळ आधी तुटला. त्याचे दोन तुकडे मी मुलाच्या हातात ठेवले. नवे स्टड हातोडीने न ठोकता दाबयंत्राने बसवून घेतले. नटाचे तेरा फेरे बसले, टोपीच्या तळाशी जागा उरली, आणि टॉर्क पान्याने आवळलेले नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले गेले.

आज आपल्या कितीतरी घरांतील गाड्यांना हौसेने वेगळी चाके लावली जातात. ती लावताना एका नटाचे फेरे स्वतः मोजावेत. स्टडच्या जाडीला दोन आट्यांमधील अंतराने भागले की किमान फेरे मिळतात. बारा मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडला आठ फेरे हवेत. डोक्यावरची खूण वाचावी आणि बिलावर दर्जा लिहून मागावा. आपल्यापैकी जे विकणारे आहेत, त्यांनी तो न मागताच लिहून द्यावा.