वायफायची खूणच गायब झाली तर?

शाळेचं निम्मं काम आता ऑनलाइन चालतं. अशात लॅपटॉपवर वायफायची खूणच दिसेनाशी झाली की पोटात गोळा येतो. आमच्याकडे हे झालं तेव्हा पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे 9 अर्ज भरायचे बाकी होते आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. "दुरुस्तीला तालुक्याला पाठवू," असं ठरत होतं. मी म्हटलं, आधी दुखणं कुठे आहे ते तरी बघू.

पहिलं काम मुलांचं. अँड्रॉइड मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू केलं आणि अर्ज भरून टाकले. वायफाय बंद असलं तरी ही वाट चालते.

मग शोध. मोबाईलवर शाळेचं वायफाय चालत होतं, म्हणजे राऊटर ठीक, दोष लॅपटॉपमध्ये. एअरप्लेन मोड बंदच होता. लॅपटॉप रीस्टार्ट केला. (विंडोजमध्ये 'शट डाउन' पुरेसं नसतं, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर जुनी स्थिती थोडी जपून ठेवली जाते.) तरी फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडलं, तर वायफाय कार्ड व्यवस्थित दिसत होतं. तिथे खाली बाण दिसला तर कार्ड बंद केलेलं असतं, पिवळी खूण दिसली तर ड्रायव्हर तपासायचा. शेवटी 'सर्व्हिसेस'मध्ये गेलो. 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' थांबलेली होती. ती सुरू केली, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' केला आणि खूण परत आली! खर्च शून्य.

'नेटवर्क रीसेट' मात्र सगळ्यात शेवटी करा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा.

हे सगळं सातवीची दोन मुलं शेजारी उभी राहून बघत होती. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हे काम मी त्यांनाच दिलं होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगातही आपण हेच शिकवतो ना? ते पान आता लॅपटॉपच्या कपाटावर चिकटवलंय. तुमच्या शाळेत, घरातही असं एक पान मुलांकडून लिहून घ्या.