मी वैमानिक झालो तर...

इयत्ता आठवीला मराठी शिकविणाऱ्या माणसाची एका विषयातून कधीच सुटका होत नाही. ‘मी वैमानिक झालो तर’ हा तो विषय. मी तो फळ्यावर लिहितो, मुले माना खाली घालतात आणि घंटा होईपर्यंत चाळीस विमाने आकाशात गेलेली असतात. सर्वांच्या विमानांखाली ढग कापसाच्या राशींसारखे पसरलेले असतात, नद्या रुपेरी दिसतात आणि शेवटच्या परिच्छेदात प्रत्येक वैमानिक आपल्या आईवडिलांना काशीयात्रा घडवितो. इंधन कोणाचेही संपत नाही. मी समासात ‘कल्पना सुंदर’ असा शेरा लिहितो आणि दहांपैकी सात गुण देऊन मोकळा होतो.

२०१७ साली हाच निबंध माझ्या धाकट्या भावाने मला तोंडी म्हणून दाखविला. त्या वेळी मात्र माझा हात आखडला.

भाऊ तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. एका सहकारी बँकेत कारकून होता आणि नोकरी कायम झालेली होती. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. आईच्या हिशेबी आमच्या घराचा एक खांब म्हणजे माझी शाळा आणि दुसरा म्हणजे त्याची बँक. एके संध्याकाळी सोप्यावर बसल्या बसल्या तो म्हणाला, “दादा, मी बँक सोडतो. विमान चालवायला शिकणार.” आई कालथा हातात घेऊनच बाहेर आली. “पुता, पाय जमनीर दवर,” एवढेच ती बोलली. (आमच्या घरी लिहिणे-वाचणे मराठीत चालते, रागावणे आणि रडणे मात्र कोकणीत.)

प्रश्न पैशाचा होता. प्रशिक्षणाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जाणार होता आणि वडिलांनी मागे ठेवलेली काजूची बागायत तारण दिल्यावाचून कर्ज मिळणे शक्य नव्हते. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे तिच्यावर आम्हा सर्वांचा हक्क. तेव्हा आईची, माझी आणि माझ्या पत्नीचीही सही हवी होती. आईने डोळे पुसून सही केली. पत्नीने फक्त “कुठे करायची?” असे विचारले. मी मात्र तो कागद मोल्सवर्थच्या कोशात ठेवून दिला आणि तो तेथे चार महिने राहिला. भावाला मी सांगत असे की, विचार करतो आहे. खरे पाहता विचार मी करीतच नव्हतो. कोश उघडण्याचे तेवढे टाळीत होतो.

उलट त्याला घाबरविण्यासाठी मी उदाहरणे शोधू लागलो. त्या शोधात ॲमी जॉन्सन हाती लागली. इंग्लंडमधील हल या बंदरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची ही मुलगी. शेफील्ड विद्यापीठाची बी. ए., म्हणजे माझ्यासारखीच कलाशाखेची. लंडनमध्ये एका सॉलिसिटरच्या कचेरीत टंकलेखन करता करता ती विमान शिकली, १९२९ मध्ये तिने परवाना मिळविला, कचेरी सोडली आणि १९३० च्या मे महिन्यात एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. त्यापूर्वी तिने एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता! अलाहाबादेस जाताना पेट्रोल अपुरे पडले, म्हणून ती झाशीला कवायतीच्या मैदानावर उतरली आणि विमानाचा पंख मोडून बसली. रंगूनजवळ इनसीनला एका तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली ती सरळ चरात गेली. एकोणीस दिवसांनी डार्विनला पोहोचली खरी. परंतु पुढे १९४१ च्या जानेवारीत, युद्धकाळात विमाने पोहोचविण्याच्या कामावर असताना, थेम्सच्या मुखाशी बुडाली. तिचा देहसुद्धा हाती लागला नाही. वय अवघे सदतीस.

ही कथा मी भावाला रंगवून सांगितली. शेवट तर दोनदा सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “झाशीला पंख कोणी दुरुस्त केला?”

मला सांगता येईना. मी पुन्हा वाचावयास बसलो, तेव्हा घाईने ओलांडलेला मजकूर दिसला. झाशीचा पंख तिथल्या एका सुताराने सांधला होता. इनसीनला तंत्रशाळेची माणसे मदतीला आली, आणि मोडलेल्या पंख्याच्या जागी बसवायला दुसरा पंखा तिने विमानाबरोबर बांधूनच आणला होता. कचेरीत जाण्यापूर्वी पहाटे ती विमानतळावर जाऊन काळ्या हातांनी यंत्राचे काम शिकली होती. विमानदुरुस्तीचा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री. आणि विमान? ते सहाशे पौंडांचे, जुने. त्याच्या किमतीचा एक वाटा तिच्या वडिलांनी उचलला होता. त्याचे नाव ‘जेसन’. ही वडिलांच्या मासळीच्या धंद्यातली व्यापारी खूण. हे मी भावाला सांगितले नाही.

भाऊ वाणिज्य शाखेचा. वैमानिक होण्यासाठी त्या वेळच्या नियमाप्रमाणे बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित आवश्यक होते. म्हणून मुक्त विद्यालयाचा अर्ज भरून, बँक सुटल्यावर तो आमच्याच शाळेत येई आणि विज्ञानाचे गुरुजी त्याला शिकवीत. एके रात्री विसरलेला वह्यांचा गठ्ठा आणायला मी गेलो, तर आठवीच्या बाकावर गुडघे अडकवून तो एकटाच गणिते सोडवीत बसलेला. मी त्याची वही उचलली. वारा डाव्या अंगाने इतका असेल, तर विमानाचे नाक किती अंशांनी वळवावे. इतके इंधन घेतले, तर किती तास जाता येईल आणि उतरता आले नाही, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत किती उरेल. ढग त्याही वहीत होते, परंतु कापसाचा एकही नव्हता. त्यांचा तळ किती फुटांवर आहे आणि आत शिरावे की वळसा घालावा, असे प्रश्न होते. माझ्या चाळीस मुलांना जे कधी सुचले नाही, ते इंधनाचे संपणे त्याच्या पानापानावर होते.

त्या रात्री मी कोश उघडला.

२०१८ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि परराज्यातील एका उड्डाणशाळेत तो दाखल झाला. दूरध्वनीवर तो ज्या गोष्टी सांगे, त्यांत पराक्रम फारसा नसे. उडण्यापूर्वी टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून पाहायचे; पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी बसते. वेग मोजणारी जी नळी असते, तिच्यात कुंभारीण माशी घर करते, म्हणून तिला झाकण घालायचे आणि निघताना ते न विसरता काढायचे. सर्व पाठ असले, तरी यादी पाहूनच करायचे. उतरल्यावर किती मिनिटे उडालो, ते वहीत नोंदवायचे. “दादा, कारकुनी काही सुटली नाही,” असे म्हणून तो हसे.

परवान्यासाठी लागणारे २०० तास २०२० च्या फेब्रुवारीत भरले. २५ मार्चपासून देशातील प्रवासी विमाने जमिनीवर बसली.

त्यानंतरच्या दोन वर्षांविषयी मी थोडेच लिहितो. भाऊ घरी आला आणि काजूच्या एका कारखान्यात हिशेब लिहू लागला. कर्जाचा हप्ता दरमहा येत होता आणि माझा निम्मा पगार घेऊन जात होता. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणाऱ्यालाही ‘पायलट’ म्हणतात; वाड्यावरचे लोक त्याला मोटारसायकलवर पाहिले की त्याच नावाने हाक मारीत आणि तो हात वर करी. एकदा हप्त्याच्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेले, “बँकेत असतास तर!” तो काही बोलला नाही. जेवणाचे ताट मात्र अर्धे राहिले. ते वाक्य मला अजून परत घेता आलेले नाही.

२०२२ मध्ये त्याला एका विमानकंपनीत सह-वैमानिकाची जागा मिळाली. आता तो सत्तरेक प्रवाशांचे, दोन पंख्यांचे विमान चालवितो. कर्ज अजून फिटावयाचे आहे. बागायत अजून तारणातच आहे, काजू मात्र दर उन्हाळ्यात लागतात.

गेल्या चवथीला तो आला नाही, कामावर होता. बँकेतल्या माणसाची चवथ कधी चुकत नाही. आईने हळदीच्या पानांतल्या चार पातोळ्या, तो येणार नाही हे ठाऊक असूनही, झाकून ठेवल्या. दुपारच्या आरतीनंतर मोप्याच्या बाजूने विमानाचा आवाज आला, तशी ती अंगणात गेली.

“हें तागेलें काय?” तिने विचारले.

मी म्हटले, “नव्हे, आज तो उत्तरेकडे आहे.”

तिने डोळ्यांवर हात धरला आणि ते विमान सड्याआड उतरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.